जंगलातले प्राणी मोजतात कसे आणि सांभाळतात कसे? वन्यजीव अभ्यासकांच्या कामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकेक प्राणी शोधून मोजता येत नाही, मग आकडा येतो कुठून?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

समजा, एका तळ्यात किती कासवं आहेत ते शोधायचंय. पहिल्या दिवशी ४० कासवं पकडली, पाठीवर छोटी खूण केली आणि सोडून दिली. आठवडाभराने पुन्हा जाऊन ५० कासवं पकडली. त्यात खूण असलेली १० निघाली. म्हणजे दुसऱ्या वेळी पकडलेल्यांपैकी पाचवा हिस्सा खुणेचा. सगळ्या तळ्यातही हेच प्रमाण असेल असं धरलं, तर आपली ४० कासवं एकूण कासवांचा पाचवा हिस्सा ठरतात. तळ्यात साधारण २०० कासवं आहेत. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांसाठी आणि अमेरिकेच्या फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये बदकांसाठी हा विचार मांडला, म्हणून ही पद्धत त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

हिशोब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे, अवघड आहे ते त्यामागचं गृहीत. मधल्या आठवड्यात कासवं मेली नाहीत, नवी आली नाहीत, खुणा पुसल्या नाहीत आणि एकदा पकडलेलं कासव दुसऱ्यांदा सापडण्याची शक्यता बाकीच्यांइतकीच आहे, हे सगळं खरं असावं लागतं. प्रत्यक्षात एखाद्या उंदराला पिंजऱ्यातलं खाणं इतकं आवडतं की तो रोज संध्याकाळी हजर. दुसरा एकदा अडकला की पुन्हा त्या वाटेला जात नाही. पहिल्यामुळे अंदाज खाली येतो, दुसऱ्यामुळे फुगतो. आमच्या कामाचा मोठा भाग या चुका ओळखण्यात आणि हिशोबात धरण्यात जातो.

वाघ, बिबट्या यांच्या अंगावर खुणा आधीच असतात. पट्टे आणि ठिपके प्रत्येकाचे वेगळे, शिवाय डाव्या कुशीवरचे वेगळे, उजव्या कुशीवरचे वेगळे. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. एकच कॅमेरा लावला तर एका वाघाचे दोन वाघ होऊ शकतात. वन्यजीवशास्त्रज्ञ डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात हे तंत्र वापरून १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि तिथून वाघांच्या मोजणीचं चित्र बदललं. भारतातल्या २०१८च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांत ३,४८,५८,६२३ छायाचित्रं टिपली गेली आणि वाघांची होती फक्त ७६,६५१.

म्हणजे शेवटी अंदाजच की! मग त्याला किती अर्थ?

अंदाज आहे, पण किती चुकू शकतो हे सोबत सांगणारा अंदाज आहे. २०२२च्या व्याघ्रगणनेत देशात किमान ३,१६७ वाघ असल्याचं आधी सांगितलं गेलं. पुढच्या विश्लेषणात सरासरी ३,६८२ आणि वरची मर्यादा ३,९२५ आली. बातमीत एकच आकडा छापून येतो. आम्ही पाहतो ती दोन टोकं. ती टोकं फार लांब असतील, तर 'संख्या वाढली' किंवा 'घटली' असं म्हणण्याची घाई करायची नसते. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं घेतलेल्या नोंदी कितीतरी मोलाच्या असतात.

पूर्वी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजायचे. ती पद्धत का सोडली?

ओडिशाचे वन अधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ही पद्धत आणली. ठशावर काच ठेवायची, काचेवर बाह्यरेखा गिरवायची, मग ती कागदावर उतरवायची. वनरक्षकांना शिकवायला सोपी आणि स्वस्त. तीस-पस्तीस वर्षं देशभर ती वापरली गेली, आणि तिच्यामुळे असंख्य वनरक्षक जंगल पायाखाली घालत राहिले, हे तिचं देणं मान्य करायलाच हवं.

पण त्याच वाघाचा ठसा चिखलात पसरतो, बारीक धुळीत नेमका उमटतो आणि कोरड्या मुरमाड जमिनीवर अर्धाच राहतो. चालताना वेगळा, धावताना वेगळा. ठशावरून नेमका वाघ ओळखता येतो हे गृहीतच डळमळीत होतं. शिवाय ज्या भागात ठसाच मिळाला नाही, तिथले वाघ मोजण्याची सोय नव्हती. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा कागदावर मात्र वाघ होते. त्यानंतर सगळी पद्धत बदलली. २००६ पासून दर चार वर्षांनी कॅमेरे आणि सांख्यिकी यांच्या आधारे गणना होते. ठसे आजही पाहतो, पण वाघ इथून गेला एवढंच त्यातून घेतो.

हरणांच्या अंगावर ओळखू येईल अशी खूण नसते. ती कशी मोजता?

ठरलेल्या सरळ रेषेवरून चालून. रेषा आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात. प्राणी जिथे हमखास दिसतात ती वाट घेतली, तर सगळा हिशोब फुगतो.

पहाटे उजाडता उजाडता दोघं निघतो, बोलणं बंद, पाऊल टाचेकडून अलगद. साठ मीटरवर चितळांचा कळप दिसला की थांबायचं. एक जण मोजतो: सात माद्या, दोन पाडसं, एक नर, शिंगांवर अजून मखमल. दुसरा अंतरमापकातून अंतर घेतो आणि होकायंत्रावर कोन वाचतो. रेषेपासून ३० अंशांचा कोन आणि ६० मीटर अंतर म्हणजे कळप रेषेपासून काटकोनात ३० मीटर दूर. वहीत नोंद, वेळ, पुढे चला. तेवढ्यात एखादी मादी पाय आपटते, शेपटी वर करते आणि सगळा कळप झाडीत विरून जातो. नोंद हलण्याआधीच्या जागेची करायची असते, म्हणून डोळे सतत पुढे लागतात.

अशा शंभरेक नोंदी जमल्या की एक आलेख तयार होतो. रेषेजवळचे कळप जवळजवळ सगळे दिसलेत, दूरचे कमी कमी होत गेलेत. दूरवर कळपच कमी होते म्हणून कमी दिसले असं नाही, झाडीआड गेले म्हणून दिसले नाहीत. दिसण्याची शक्यता अंतरागणिक किती उतरते ते त्या आलेखावरून काढतात आणि न दिसलेल्यांची भर घालतात. माझ्या मते या सगळ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर कल्पना हीच आहे. दिसलेल्या कळपांच्या अंतरांतूनच न दिसलेल्यांचा पत्ता लागतो.

ज्या दिवशी दोन किलोमीटर चालून काहीच दिसलं नाही, त्या दिवसाची नोंदही तितकीच लागते. नवीन मुलं ती लिहायची विसरतात, आणि तेवढ्यानेच वर्षाच्या शेवटी प्राणी वाढल्यासारखे दिसतात.

पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून करतात ती गणना खरी मानायची का?

लोकांना जंगलाशी जोडण्यासाठी ती फार चांगली आहे. त्या भागात कोणकोणते प्राणी आहेत हेही कळतं. संख्या मात्र त्यातून काढू नये. एकच अस्वल रात्रीतून तीनदा पाण्यावर येऊ शकतं आणि शेजारच्या पाणवठ्यावरही मोजलं जाऊ शकतं, तर काही प्राणी त्या रात्री येतच नाहीत.

विष्ठा आणि लेंड्या गोळा करून काय कळतं?

जवळजवळ सगळंच. विष्ठेवर आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यांतल्या डीएनएवरून प्राणी कोणता, नर की मादी आणि नेमका कोणता हेही कळतं. म्हणजे खुणा नसलेल्या प्राण्यांसाठीही कासवांचा तो हिशोब करता येतो. विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की त्याने काय खाल्लं ते दिसतं. तणावाची संप्रेरकं आणि जंतांची अंडीही सापडतात. आणि यातलं काहीही करताना प्राण्याला हातही लावावा लागत नाही.

प्राणी कुठे आहे ते कळवणारं यंत्र बसवलेला पट्टा, म्हणजे कॉलर, गळ्यात घातल्याने प्राण्याला त्रास होत नाही का?

प्रश्न योग्य आहे आणि तो प्रत्येक वेळी स्वतःला विचारूनच कॉलर हातात घ्यावी. पक्ष्यांच्या बाबतीत यंत्राचं वजन शरीराच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांपुढे जाऊ द्यायचं नाही, असा संकेत आहे. मोठ्या प्राण्यांत तर त्याहूनही कमी ठेवतात. वाढत्या वयाच्या प्राण्याचा गळा पुढे जाड होणार हे धरून कॉलर निवडावी लागते. बऱ्याच कॉलर आता ठरल्या वेळी आपोआप गळून पडतात.

खरी जोखीम बेशुद्ध करण्याची असते. डार्ट, म्हणजे लांबून मारलेली औषधाची सुई, लागल्यावर प्राणी लगेच पडत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प राहायचं. गलका झाला तर प्राणी पळत सुटतो, अंग तापतं, स्नायू फाटतात आणि काही दिवसांनी तो दगावूही शकतो. मी पहिल्यांदा अशा कामात होतो तेव्हा माझ्याकडे फक्त श्वास मोजायचं काम होतं. बिबट्याची मादी कुशीवर पडलेली. डोळे उघडेच, कारण औषधाने पापणी मिटत नाही, म्हणून त्यांत मलम घालून वर कापड टाकलेलं. मी बरगड्यांवर नजर ठेवून बसलो होतो. दर पाच मिनिटांनी आकडा सांगायचा, पशुवैद्य तो तापमानाशेजारी लिहायचे. पुढच्या डाव्या पंज्याच्या गादीत जुना काटा मोडून तिथे कातडं भरून आलेलं होतं. कॉलर बांधल्यावर पशुवैद्यांनी गळा आणि पट्टा यांच्यामध्ये बोटं सरकवून पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली. उतारा दिल्यावर ती उठली, दोनदा अडखळली आणि झाडीत गेली. पुढचा तासभर कोणी फारसं बोललं नाही.

इतकं करून मिळतं काय? २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला कॉलर लावलेला तरुण वाघ शेतं, ओढे, रस्ते ओलांडत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत तेलंगणातही शिरला. सलग जंगल नसलेल्या मुलखातून वाघ कुठून जातो, दिवसा कुठे दडतो, कोणता रस्ता कधी ओलांडतो, हे त्याच्याशिवाय कुणीच सांगू शकलं नसतं. असे मार्ग नकाशावर आले, तरच रस्ता बांधताना त्याखालून प्राण्यांसाठी वाट ठेवा असं म्हणता येतं.

आणि पक्ष्यांच्या पायातलं कडं?

डेन्मार्कचे शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये साळुंकीच्या जातभाईंच्या, म्हणजे स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली. आजही तत्त्व तेच आहे. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ मध्ये कडं घातलेली 'विज्डम' नावाची अल्बट्रॉस मादी २०२४ मध्येही त्याच बेटावर अंडं घालताना दिसली. १९५६ मध्येच ती वयात आलेली होती. हा पक्षी इतका जगतो आणि इतक्या वयात पिल्लं वाढवतो हे त्या एका कड्यामुळे कळलं.

मोजून प्रत्यक्ष फायदा काय होतो?

गिधाडांचं उदाहरण देतो, कारण त्याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी उत्तर भारतात ठरावीक रस्त्यांवरून गाडीने जात शिकारी पक्षी मोजले होते. तेव्हा गिधाडं इतकी होती की त्यांची मोजणी कुणाला तातडीची वाटत नव्हती. पुढे भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना घरट्यांखाली मेलेली, फांद्यांवर मान टाकून बसलेली गिधाडं दिसू लागली. मग तेच रस्ते, त्याच पद्धतीने पुन्हा मोजले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. जुनी मोजणी वहीत नसती तर 'हल्ली गिधाडं कमी दिसतात' एवढंच म्हणत राहिलो असतो.

संसर्ग असावा, कीटकनाशक असावं, अन्न कमी पडत असावं, असे अनेक तर्क झाले. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने मेलेली गिधाडं उघडून पाहिली तेव्हा आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी झालेली. कारण निघालं डायक्लोफिनॅक, गुरांना सूज आणि वेदनेसाठी दिलं जाणारं औषध. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. शंभरातल्या एकाहून कमी मेलेल्या जनावरांत हे औषध असलं तरी एवढी घट होऊ शकते, असं गणित सांगत होतं. एका सांगाड्यावर डझनांनी गिधाडं बसतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे मेलेल्यांची भर निघत नाही. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय सापडला आणि हरियाणात पिंजोरला प्रजनन केंद्र उभं राहिलं. घसरण मंदावली. संख्या अजून फार थोडी आहे, आणि मोजणी चालूच आहे.

निसर्ग आपला आपण समतोल राखतो. मग तुम्ही व्यवस्थापन का करता?

सलग, मोठं, अखंड रान असतं तिथे शक्यतो काही करू नये, या मताचा मीही आहे. पण आज बहुतेक जंगलं म्हणजे शेतं आणि रस्त्यांनी वेढलेली बेटं आहेत, आणि बेटावर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नव्हता, दगडफुलाचा गालिचा होता. १९६३ मध्ये ते ६,००० झाले. चारा संपला, कडाक्याचा हिवाळा आला आणि १९६६ मध्ये ४२ उरले. समतोल साधला गेला असं म्हणता येईल, पण हजारो प्राणी उपाशी मरून.

म्हणून काही ठिकाणी हात घालावा लागतो. अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांडगे मारून संपवले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यालगतच्या असाटीग बेटावरच्या रानघोड्यांची संख्या माद्यांना गर्भधारणा रोखणारी लस देऊन आटोक्यात आणली गेली. बऱ्याचदा उपाय याहून साधा असतो: रानमारीसारखं बाहेरून आलेलं झुडूप उपटणं, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणं, उघड्या विहिरीला कठडा बांधणं.

गावात शिरलेला बिबट्या पकडून लांब जंगलात का सोडत नाही?

वाटतं तितका हा उपाय बिनधोक नाही, आणि याचा धडा आपल्याकडेच मिळाला आहे. जुन्नर परिसरात २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा, त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते २००१ ते २००३ मध्ये सरासरी १७ झाले असं दिसलं. पिंजऱ्यातून आलेला, अनोळखी मुलखात टाकलेला बिबट्या घराच्या दिशेने निघतो. वाटेत वस्त्या लागतात. मूळ जागा रिकामी झाली की तिथे दुसरा येतो.

घराची ओढ किती असते ते मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात दिसलं. तिथले वाघ संपल्यावर २००९ मध्ये पेंचमधून नर वाघ आणला. तो थेट आल्या दिशेने परत निघाला. कॉलर होती म्हणून माग काढून त्याला परत आणता आलं.

माणूस मारणारा म्हणून खात्री पटलेला प्राणी हटवावाच लागतो, त्यात दुमत नाही. बाकी वेळी रात्री गोठा बंद ठेवणं, मोकाट कुत्री आणि कचरा आवरणं, उसाच्या कडेला मुलांना एकटं न सोडणं, याचाच जास्त उपयोग होतो.

स्थानिक लोकांचा यात काही वाटा असतो का?

त्यांच्याशिवाय काम उभंच राहत नाही. कोणत्या नाल्यात कोण पाणी पितं हे आम्हाला दोन वर्षांनी कळतं, गुराख्याला ते लहानपणापासून ठाऊक असतं. नागालँडमध्ये डोयांग जलाशयाजवळ २०१२ मध्ये स्थलांतर करणाऱ्या अमूर ससाण्यांची प्रचंड शिकार उजेडात आली. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी ठरवून ती थांबवली. त्याच वर्षी तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रं लावली आणि त्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी तिथलीच नावं दिली. ती आफ्रिकेपर्यंत गेली आणि गावकऱ्यांनी आपापल्या पक्ष्याचा प्रवास पाहिला.

सगळं काम आता यंत्रांवर गेलं आहे का?

बरंच. तळ्यातलं पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून कोणते बेडूक-मासे आहेत ते कळतं. ध्वनिमुद्रक रात्रभर वटवाघळं आणि घुबडं ऐकत राहतात. कॅमेऱ्यातले लाखो फोटो संगणक निवडून देतो. पण कॅमेरा झाडाला कुणीतरी बांधावा लागतो, त्यासमोर वाढणारं गवत कापावं लागतं, मुंग्यांनी केलेलं घर काढावं लागतं. बेडकांच्या कामात एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जाताना बूट आणि जाळी जंतुनाशकाने धुवावी लागतात, नाहीतर त्यांना मारणारी बुरशी आपणच पसरवतो.

मी जीवशास्त्र शिकलेलो नाही. माझी काही मदत होऊ शकते का?

होते. पक्षी दिसला तर तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहून ठेवा, नेहमीचेच पक्षी असले तरी. चिमण्या-साळुंक्यांच्या नोंदी कुणी करत नाही आणि वीस वर्षांनी त्याच हव्या असतात. दुर्मीळ प्राण्याची किंवा घरट्याची नेमकी जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका.

पायात कडं असलेला पक्षी दिसला तर दुर्बिणीतून किंवा फोटोतून क्रमांक वाचायचा प्रयत्न करा. रंगीत पट्टी असेल तर रंग आणि ती डाव्या पायात की उजव्या हेही लिहा. जिवंत पक्ष्याचं कडं काढू नका. मेलेला सापडला तर उघड्या हाताने उचलू नका, कड्याचा सगळ्या बाजूंनी फोटो घ्या आणि कड्यावर लिहिलेल्या संस्थेला कळवा. भारतात बहुतेक कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं नाव असतं. बऱ्याचदा उत्तर येतं: हा पक्षी कुठे, कधी आणि कोणत्या वयात पकडला होता.